दादर की अंधेरी : व्हिसाच्या मुलाखतीसाठी मुंबईतला मुक्काम

वाचकाचे पत्र

सप्रेम नमस्कार. आम्ही सांगलीचे. माझ्या नणंदेकडे न्यू जर्सीला जाण्यासाठी सासू-सासऱ्यांना अमेरिकेच्या व्हिसासाठी मुंबईला यायचे आहे. फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी सकाळी साडेदहाला बोटांचे ठसे द्यायचे आहेत आणि बुधवारी सकाळी सव्वाआठला मुलाखत आहे. दोन्ही पत्ते वांद्रे-कुर्ला संकुलातले आहेत. आम्ही रविवारी रात्रीच्या महालक्ष्मी एक्स्प्रेसने निघून सोमवारी सकाळी दादरला उतरू आणि गुरुवारी रात्रीच्या गाडीने परत फिरू. सासरे ७४ वर्षांचे आहेत, त्यांना मधुमेह आहे. सासूबाईंचे दोन्ही गुडघे दुखतात. सोबत मी एकटीच आहे, कारण यजमानांना रजा नाही.

दोन हॉटेले निवडून ठेवली आहेत. पहिले दादर पूर्वेला, स्टेशनपासून जवळ. इमारत जुनी, खोली मोठी, तिघांसाठी जादा गादीसह दिवसाला ५,४०० रुपये, नाश्ता त्यातच, आणि आल्यापासून २४ तासांचा हिशोब. दुसरे अंधेरी पूर्वेला चकाला भागात. नवे, चकचकीत, जादा गादीसह ४,८०० रुपये, नाश्ता वेगळा, माणशी ३५० रुपये. तिथे दुपारी दोनला खोली मिळते आणि सकाळी अकराला सोडावी लागते. दोन्ही भाड्यांवर कर वेगळा. संकेतस्थळावर दादरच्या हॉटेलला ३.९ गुण आहेत आणि अंधेरीच्या हॉटेलला ४.४. मला अंधेरीचे बरे वाटते, सासऱ्यांना दादर हवे आहे. कोणते घ्यावे?

— एक सून, सांगली

उत्तर

सप्रेम नमस्कार. तुम्ही दिवस, वेळा, दर आणि दोघांच्या प्रकृतीची माहिती इतकी नेमकी दिली आहे, की उत्तरही तितकेच नेमके देता येईल. माझे मत दादरच्या बाजूने आहे. मात्र त्याला काही अटी आहेत आणि त्या अटी त्या हॉटेलने लेखी मान्य केल्या नाहीत, तर अंधेरीचे घ्यावे असेही मी त्याच जबाबदारीने सांगेन. दोन्ही हॉटेलांची नावे येथे मुद्दाम छापलेली नाहीत, कारण जे प्रश्न तुम्हाला पडले आहेत ते या दोन हॉटेलांपुरतेच नाहीत.

आपण हॉटेल निवडताना सहसा खोलीशी खोली ताडून पाहतो. पलंग कसा आहे, चादरी कशा आहेत, छायाचित्रात भिंती किती नव्या दिसतात याकडे लक्ष जाते. चार दिवस आराम करायला येणाऱ्या कुटुंबासाठी ते ठीकच आहे. तुमची फेरी त्या प्रकारची नाही. तुमच्या सासू-सासऱ्यांच्या या मुक्कामात चार अवघड वेळा आहेत: सोमवारी पहाटे गाडीतून उतरल्यानंतरचे काही तास, मंगळवारची आणि बुधवारची सकाळ, आणि गुरुवारी खोली सोडल्यापासून रात्रीची गाडी येईपर्यंतचा लांब दिवस. जे हॉटेल या चार वेळा सुकर करील ते तुमचे हॉटेल, आणि बाकीच्या गोष्टी त्यानंतर पाहाव्यात.

सोमवारपासून सुरुवात करू. महालक्ष्मी एक्स्प्रेस सकाळी लवकर दादरला पोहोचते. अंधेरीच्या हॉटेलात खोली दुपारी दोनला मिळणार, म्हणजे गाडीत अर्धवट झोप झालेल्या दोन वृद्धांना सहा-सात तास स्वागतकक्षातल्या कोचावर बसवावे लागेल किंवा लवकर खोली मिळण्यासाठी वेगळे पैसे भरावे लागतील, आणि ते भरूनही आदल्या रात्रीचा पाहुणा खोलीत असेल तर थांबावे लागेलच. शिवाय दादरहून चकाल्यापर्यंतचे चौदा-पंधरा किलोमीटर सामानासह जायचे आहे ते वेगळेच. दादरच्या हॉटेलात आल्या क्षणापासून २४ तास मोजले जात असतील, तर सकाळी साडेसातला खोलीत जाऊन सासऱ्यांना अंघोळ, नाश्ता आणि गोळी वेळेवर घेता येईल. मधुमेह असलेल्या माणसासाठी ही सोय फार मोलाची आहे. तीन दिवसांच्या भाड्यात दादरला तुम्हाला पूर्ण ७२ तास मिळतात, तर अंधेरीला सोमवारी दुपारी दोनपासून गुरुवारी सकाळी अकरापर्यंतचे ६९, आणि त्यातून सोमवारची सकाळ नेमकी वगळलेली असते.

२४ तासांच्या हिशोबाची दुसरी बाजूही लक्षात घ्या. सोमवारी साडेसातला खोली घेतली तर गुरुवारी साडेसातला ती सोडावी लागेल आणि गाडी रात्रीची आहे. म्हणून गुरुवारी संध्याकाळी सहापर्यंत तीच खोली अर्ध्या भाड्यात ठेवता येईल का, हे आत्ताच, आरक्षण करतानाच विचारून ठेवा. आठवड्याच्या मधल्या दिवशी बरीच हॉटेले अशी सवलत देतात. मात्र ती आयत्या वेळी मागितली तर खोली पुढच्या पाहुण्याला दिलेली असते.

आता पैशांचा हिशोब, कारण तुम्हाला अंधेरीचे हॉटेल स्वस्त वाटते आहे. २२ सप्टेंबर २०२५पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर वस्तू आणि सेवा कर ५ टक्के झाला आहे. त्याआधी तो १२ टक्के होता. ७,५०० रुपयांच्या वरच्या खोलीला १८ टक्के लागतो. तुमच्या दोन्ही खोल्या ५ टक्क्यांत बसतात, तेव्हा कोणी जुन्या दराने आकारणी सांगितली तर विचारणा करा. दादरच्या तीन दिवसांचे करासह १७,०१० रुपये होतात आणि गुरुवारचा अर्धा दिवस धरला तर १९,८४५. अंधेरीचे तीन दिवस करासह १५,१२० रुपयांचे. सोमवारी सकाळी खोली मिळावी म्हणून अर्ध्या दिवसाचे पैसे दिले तर १७,६४०. आणि तिघांचा तीन सकाळचा नाश्ता ३,१५० रुपयांचा धरला तर आकडा २०,७९० वर जातो. नाश्ता बाहेर केला तर हा आकडा बराच खाली येईल, हे मान्य. परंतु अंधेरीलाही गुरुवारी दिवसभर टेकायला जागा लागणारच आहे आणि दादर स्टेशनला जाण्या-येण्याच्या दोन टॅक्सी आहेत, ज्यांचे फेब्रुवारी २०२५च्या मीटरदराने प्रत्येकी तीनशेच्या आसपास होतात. थोडक्यात, पत्रात दिसणारा रोजचा ६०० रुपयांचा फरक प्रत्यक्षात उरत नाही. पैशांच्या बाबतीत दोन्ही हॉटेले बरोबरीची आहेत असे धरून चाला आणि निर्णय दुसऱ्या कारणांवर घ्या.

अंतराच्या बाबतीतही तसेच आहे. चकाल्याहून वांद्रे-कुर्ला संकुल जवळ आणि दादरहून लांब असा अनेकांचा समज असतो. रस्त्याने पाहिले तर दोन्हीकडून ते आठ-नऊ किलोमीटरच पडते. फरक आहे तो वाहतुकीच्या दिशेचा. सकाळी उपनगरांतून दक्षिणेकडे जाणारी गर्दी पश्चिम द्रुतगती महामार्गावर असते आणि चकाल्याहून निघालेली तुमची टॅक्सी त्याच गर्दीत, तीही अंधेरी-कुर्ला रस्त्याने वाट काढल्यानंतर, शिरणार. दादर पूर्वेहून निघाल्यास डॉ. आंबेडकर मार्गाने उत्तरेकडे, म्हणजे सकाळच्या मुख्य ओघाच्या उलट दिशेने जाता येते. पुढे शीवहून पूर्व द्रुतगती महामार्गाला लागून चुनाभट्टीच्या जोडपुलाने थेट संकुलात उतरता येते. हा पूल नोव्हेंबर २०१९मध्ये खुला झाला. टॅक्सीवाल्याला हाच रस्ता आधी सांगा. शीव स्थानकाजवळचा जुना उड्डाणपूल ऑगस्ट २०२४मध्ये पाडकामासाठी बंद झाला आणि प्रभादेवीचा पूल सप्टेंबर २०२५मध्ये. त्यामुळे दादरच्या टिळक पुलावर पूर्व-पश्चिम वाहतुकीचा बराच भार आलेला आहे. पूर्वेला राहून पूर्वेच्याच बाजूने गेल्यास तुम्हाला त्या पुलाशी कामच पडत नाही, आणि सासऱ्यांची दादर पूर्वेची निवड या दृष्टीने अगदी बरोबर आहे.

अंधेरीच्या बाजूने एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. चकाल्याला मेट्रोचे स्थानक आहे, तिथून मरोळ नाक्याला गाडी बदलून भुयारी मेट्रोने संकुलाच्या स्थानकापर्यंत वाहतुकीच्या कोंडीत न अडकता जाता येते. तुम्ही एकट्या असता, किंवा सासू-सासरे चालायला खणखणीत असते, तर मी याच सोयीसाठी अंधेरी सुचवले असते. भुयारी मेट्रोची स्थानके खोल आहेत. तिथे लिफ्ट असल्या तरी एका मार्गावरून दुसऱ्या मार्गावर जाताना चालावे लागते आणि संकुलाच्या स्थानकाबाहेर पडल्यावर पुन्हा रिक्षा करावी लागते. दुखऱ्या गुडघ्यांच्या माणसाला मुलाखतीच्या सकाळी एवढी दगदग देऊ नये. दादरलाही याच मार्गाचे स्थानक आहे, परंतु ते पश्चिमेला असल्याने तुमच्या हॉटेलातून त्याचा उपयोग फक्त तुम्हालाच, एखादे काम निघाले तर होईल. दोघांना दोन्ही दिवशी दारातून दारापर्यंत टॅक्सीनेच न्या.

टॅक्सीविषयी एक स्थानिक बारकावा आहे, जो बाहेरगावच्या माणसाला ऐनवेळी अडचणीत आणतो. मुंबईत रिक्षा माहीम आणि शीवच्या अलीकडे, म्हणजे शहराच्या दक्षिण भागात येत नाहीत. वांद्रे-कुर्ला संकुलात रिक्षा भरपूर मिळतात, पण त्यातली कोणतीही तुम्हाला दादरला सोडू शकणार नाही. परतताना काळी-पिवळी टॅक्सी किंवा मोबाइलवरून बोलावलेली गाडीच लागेल. अंधेरीला परतायचे तर रिक्षा चालते, आणि ही त्या हॉटेलची छोटीशी जमेची बाजू आहे. माझी सूचना अशी, की दोन्ही सकाळसाठी हॉटेलच्या ओळखीची टॅक्सी आदल्या रात्री ठरवून ठेवा आणि तोच चालक परत न्यायला येईल असे पाहा. थांबण्याचे शे-दोनशे रुपये जास्त गेले तरी ते योग्य ठिकाणी गेले असे समजा.

हे मी आग्रहाने सांगते, कारण मुलाखतीच्या दिवशी तुमच्या सासू-सासऱ्यांकडे फोन नसेल. अमेरिकन वकिलातीत मोबाइल, स्मार्ट घड्याळ, पिशव्या असे काहीच आत नेता येत नाही. कागदपत्रे पारदर्शक फोल्डरमध्ये न्यावीत. सामान ठेवण्याची सोय तिथे नसते आणि सोबतच्या माणसाला, म्हणजे तुम्हाला, आत प्रवेश नाही. दोघांचे फोन त्या सकाळी तुमच्याकडे असतील किंवा खोलीतल्या तिजोरीत. मुलाखत आटोपून ते केव्हा बाहेर येतील हे आधी सांगता येत नाही, म्हणून कुठे भेटायचे ती जागा मंगळवारीच, बोटांचे ठसे देऊन परतताना, टॅक्सी दोन मिनिटे थांबवून दोघांना प्रत्यक्ष दाखवून ठेवा. तुमचा मोबाइल नंबर आणि हॉटेलचे नाव एका कागदावर लिहून सासऱ्यांच्या शर्टाच्या खिशात ठेवा. वेळेच्या तासभर आधी पोहोचण्याची घाईही नको, कारण तो वेळ बाहेर उभे राहून काढावा लागतो आणि सासूबाईंना तेच सोसणार नाही. सव्वाआठच्या मुलाखतीसाठी दादरहून सात-सव्वासातला निघणे पुरेसे आहे.

यातूनच नाश्त्याचा प्रश्न येतो. ‘नाश्ता त्यातच’ हे शब्द वाचून आपल्याला बरे वाटते, पण बहुतेक हॉटेलांत नाश्ता साडेसातला सुरू होतो आणि बुधवारी तुम्ही त्याआधीच निघालेल्या असाल. दादरच्या हॉटेलला स्पष्ट विचारा, की बुधवारी सकाळी साडेसहाला खोलीत चहा आणि पोहे किंवा उपमा मिळेल का. नाही म्हणाले तर आदल्या संध्याकाळी फळे, दूध आणि सासऱ्यांना चालणारे काही आणून ठेवा. मधुमेही माणसाने गोळी घेऊन उपाशी पोटी रांगेत उभे राहणे धोक्याचे आहे, आणि मुलाखत किती लांबेल ते कोणाच्याच हातात नसते. बाहेर आल्यावर लगेच देता येईल असा खाऊ आणि पाणी तुमच्या पिशवीत असू द्या. दुपारच्या जेवणाची दादर-माटुंग्याला चिंताच नाही. मऊ भात, वरण, ताक असे वृद्धांना मानवणारे साधे जेवण पोळीभाजीच्या घरगुती खानावळींत आणि माटुंग्याच्या उडुपी उपाहारगृहांत परवडणाऱ्या दरात मिळते. चकाल्याच्या बाजूला कार्यालयीन गर्दीला सोयीची खाण्याची ठिकाणे पुष्कळ आहेत, पण सांगलीच्या सत्तरीतल्या माणसाला दुपारी जे हवे असते ते शोधत फिरावे लागेल.

आता गुणांविषयी. ३.९ आणि ४.४ हे आकडे पाहून तुमचे मन अंधेरीकडे झुकले, ते स्वाभाविक आहे. परंतु हे गुण देणारे कोण आहेत ते पाहा. विमानतळाजवळच्या हॉटेलात एका रात्रीपुरते उतरणारे, कामासाठी आलेले, एकटे प्रवासी बहुसंख्य असतात. त्यांना चांगले वायफाय, थंडगार खोली आणि विमानतळ जवळ एवढे मिळाले की ते चार-पाच गुण देऊन मोकळे होतात, आणि त्यांच्या गरजेपुरते ते योग्यही असते. तुमची गरज वेगळी आहे. दोन्ही हॉटेलांचे गेल्या सहा महिन्यांतले, कुटुंबासह राहिलेल्या लोकांचे अभिप्राय वेगळे काढून वाचा, आणि त्यातही सर्वांत कमी गुण दिलेले आधी वाचा. ‘भिंती जुन्या आहेत’, ‘टीव्ही लहान आहे’ अशा तक्रारी असतील तर सोडून द्या. ‘लिफ्ट बंद होती’, ‘गरम पाणी आले नाही’, ‘झुरळे होती’, ‘ठरलेली खोली दिली नाही’ अशा तक्रारी दोन-तीनदा आढळल्या तर ते हॉटेल सोडून द्या, मग ते दादरचे का असेना. पाहुण्यांनी स्वतः काढलेल्या छायाचित्रांत न्हाणीघराचे छायाचित्र शोधा. हॉटेलने स्वतः टाकलेल्या छायाचित्रांत ते क्वचितच पूर्ण दिसते.

न्हाणीघरावर मी थोडे अधिक लिहिते, कारण जुन्या इमारतींतली खरी अडचण तिथेच असते आणि वृद्ध माणसे बहुधा तिथेच पडतात. दादरच्या जुन्या हॉटेलांत न्हाणीघराला चार-सहा बोटे उंच उंबरा असणे सर्रास आढळते. काही ठिकाणी आत आणखी एक पायरी असते. कमोड फार बसका असेल तर गुडघे दुखणाऱ्या माणसाला आधाराशिवाय उठता येत नाही. फरशी गुळगुळीत असेल आणि अंघोळीची जागा काचेने वेगळी केलेली नसेल, तर सगळे न्हाणीघर दिवसभर ओले राहते. हॉटेलला फोन करून व्यवस्थापकाशी बोला आणि ‘आमच्याबरोबर गुडघे दुखणाऱ्या वृद्ध बाई आहेत’ असे सांगून उंबरा किती, कमोड कसा, भिंतीला धरायला दांडी आहे का, बसून अंघोळ करायला स्टूल मिळेल का, हे एकेक करून विचारा. जमल्यास खोलीचा आणि न्हाणीघराचा चित्रफितीचा तुकडा व्हॉट्सअ‍ॅपवर मागवा. जे हॉटेल एवढे दोन मिनिटांत पाठवते ते पुढेही तुमची काळजी घेईल असा माझा विश्वास आहे. जे टाळाटाळ करते त्याचेही उत्तर त्यातच मिळाले. न घसरणारी रबरी चटई मात्र घरूनच आणा, कोणत्याही हॉटेलवर त्यासाठी विसंबू नका.

लिफ्टविषयीही असाच नेमका प्रश्न विचारायचा आहे. ‘लिफ्ट आहे’ एवढ्या उत्तरावर थांबू नका. जुन्या इमारतींत रस्त्यापासून लिफ्टच्या दारापर्यंत पाच-सहा पायऱ्या असतात, तर कुठे लिफ्ट दोन मजल्यांच्या मधल्या टप्प्यावर उघडते आणि खोलीसाठी पुन्हा अर्धा जिना चढावा किंवा उतरावा लागतो. रस्त्यावरून खोलीच्या दारापर्यंत एकूण किती पायऱ्या, हा प्रश्न विचारा आणि उत्तर आकड्यात घ्या. दहाहून जास्त आकडा आला तर दादरचा आग्रह मी सोडून देईन. याबाबत अंधेरीचे नवे हॉटेल बहुतेक वरचढ ठरेल.

गरम पाण्याचेही विचारून घ्या. काही जुन्या हॉटेलांत ते ठराविक तासांतच सोडतात. बुधवारी तुम्हाला ते पहाटे साडेपाचला लागणार आहे. खोलीत स्वतंत्र गीझर असेल तर प्रश्नच नाही.

दादर पूर्वेला आवाज असतो, हे खरे आहे. लोकलच्या गाड्या, पहाटेची बाजाराची वर्दळ आणि रस्त्यावरचे भोंगे यांमुळे रस्त्याकडच्या खोलीत हलकी झोप असणाऱ्यांना त्रास होतो. मागच्या बाजूची, दुसऱ्या मजल्याच्या वरची खोली मागा आणि आरक्षणाच्या संदेशात तसे लिहून घ्या. रस्त्याकडची खोली हवेशीर आणि मोठी असते असे सांगून ती देण्याचा प्रयत्न झाला तरी नको म्हणा.

आरक्षण करताना परत न मिळणारा स्वस्त दर घेऊ नका. वकिलातीकडून तारीख पुढे ढकलली जाऊ शकते, आणि तसे झाले तर खोलीचे पैसेही जातील. एक-दोन दिवस आधीपर्यंत रद्द करता येईल असाच दर घ्या, मग तो दोन-तीनशे रुपयांनी जास्त असला तरी चालेल. आरक्षणाच्या संकेतस्थळावर दर पाहून झाल्यावर थेट हॉटेललाही फोन करा. पुष्कळदा तोच दर थेटही मिळतो, आणि मागची खोली, लवकरचा नाश्ता, गुरुवारचा अर्धा दिवस अशा मागण्या मान्य करणारा माणूस त्या फोनवरच असतो. वांद्रे-कुर्ला संकुलात मोठी प्रदर्शने आणि परिषदा भरतात तेव्हा आसपासच्या हॉटेलांचे दर एकदम चढतात आणि रस्तेही भरतात. तुमच्या आठवड्यात असे काही आहे का, हे त्याच फोनवर विचारून घ्या.

ओळखपत्रांसाठी तिघांच्या आधार कार्डाच्या मूळ प्रती आणा आणि हॉटेलला झेरॉक्स द्यायची असेल तर पहिले आठ आकडे झाकलेल्या आधारची द्या. ते अधिकृत संकेतस्थळावरून काढता येते. पासपोर्ट स्वागतकक्षात अजिबात ठेवू नका, नोंदीसाठी क्षणभर मागितला तरी नको. मुलाखतीत व्हिसा मंजूर झाला तर पासपोर्ट वकिलात स्वतःकडे ठेवून घेते आणि तो काही दिवसांनी ठरवलेल्या ठिकाणाहून मिळतो. त्यासाठी मुंबईत मुक्काम वाढवण्याचे कारण नाही.

गुरुवारी तुम्ही सिद्धिविनायकाला नेणारच असाल तर सकाळी लवकर न्या. दादरहून ते जवळ आहे, टॅक्सीने पंधरा-वीस मिनिटांत पोहोचता येते. दुपारी खोलीत जेवून दोघांना झोपू द्या आणि बाकीचे शहर या खेपेला राहू द्या. निघताना दादर स्थानकावर फलाटाचा क्रमांक फलकावरच पाहा. डिसेंबर २०२३मध्ये मध्य रेल्वेच्या बाजूच्या फलाटांचे क्रमांक बदलून ८ ते १४ झाले आहेत, आणि सासऱ्यांना जुने क्रमांक आठवत असतील तर घोटाळा होईल. हॉटेल जवळ असले तरी सामान असल्यामुळे चालत जाऊ नका. इतक्या जवळच्या भाड्याला टॅक्सीवाले कधी कधी नकार देतात, म्हणून सोमवारी सकाळी हॉटेलचा माणूस स्टेशनच्या पूर्वेकडच्या दरवाजाशी पाठवता येईल का, आणि गुरुवारी सोडायला कोणी येईल का, हेही ठरवून घ्या. हॉटेल जवळ घेतल्याचा हा फायदा हक्काने मागावा.

आता करायचे ते असे. येत्या दोन दिवसांत दादरच्या हॉटेलला फोन करा आणि पायऱ्यांची संख्या, न्हाणीघर, मागची खोली, साडेसहाचा नाश्ता, २४ तासांचा हिशोब आणि गुरुवारचा अर्धा दिवस या गोष्टी व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या. पायऱ्या आणि न्हाणीघर यांत तडजोड नको. बाकीच्यांत एखादी गोष्ट कमी-जास्त झाली तरी निभेल. त्या दोहोंपैकी एकात जरी ते कमी पडले, तर त्याच दिवशी अंधेरीच्या हॉटेलला फोन लावा, सोमवारी सकाळी आठपासून खोली मिळेल असे अर्ध्या दिवसाचे पैसे देऊन पक्के करा, आणि मंगळवारी साडेदहाच्या वेळेसाठी तिथून सव्वानऊलाच निघा.